चर्चच्या बाकावरून सतरंजीवर : करजगावच्या टिळकांचा ‘देवाचा दरबार’

नमस्कार मंडळी.

‘मंडळी’ हा शब्द मुद्दाम वापरला, कारण तो आज पुन्हा पुन्हा येणार आहे. कीर्तनकार समोर बसलेल्यांना मंडळी म्हणतो. नाटकवाल्यांच्या संस्थेला आपण नाटक मंडळी म्हणत आलो. आणि मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चमधल्या साऱ्या समूहालाही मंडळीच म्हणतो. शब्द एक, पण व्यवहार वेगळा. कीर्तनातल्या मंडळीत कोणीही येऊन बसतो, उशिरा येतो, झोप आली की उठून जातो. चर्चच्या मंडळीत मात्र नाव नोंदलेलं असावं लागतं, आणि ते नाव बाप्तिस्म्यानं नोंदलं जातं. या दोन मंडळींच्या मधे काही जागा आहे का, आणि तिथे बसून कोणी उपासना केली का, हा आजचा विषय.

रत्नागिरीत हा विषय मांडायला एक कारण आहे. टिळक म्हटलं की या गावात एकच टिळक डोळ्यांसमोर येतात, १८५६ साली इथे जन्मलेले. पण याच जिल्ह्यातल्या करजगावात पाचेक वर्षांनी, १८६१ मध्ये, दुसरे टिळक जन्मले. नारायण वामन टिळक. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना शाळेत भेटलेलं आहे. ‘केवढे हे क्रौर्य!’ पाठ करून घेतलेली असते. फुलामुलांचे कवी म्हणून दोन मार्कांच्या प्रश्नाला उत्तर लिहिलेलं असतं. नावाआधी ‘रेव्हरंड’ का लागतं, हे बहुधा विचारायचं राहून जातं. या टिळकांनी आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत साताऱ्याला एक प्रयोग केला. त्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ असं नाव दिलं. तो फसला. पण कशात फसला आणि कशात नाही, हे नीट पाहिलं तर मराठी ख्रिस्ती समाजाबद्दल बरंच काही कळतं, आणि थोडंसं आपल्या सगळ्यांबद्दलही.

आधी एक गैरसमज दूर करू. चर्चमधली ठरलेली उपासना सोडून घरात, माळावर, अंगणात जमून प्रार्थना करायची, हे कोणत्या तरी नव्या अमेरिकी पंथाचं खूळ आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ख्रिस्ती धर्माची सुरुवातच तशी आहे. नव्या करारातल्या पत्रांत अमक्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितलेले आहेत. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू करणारं जोडपं, त्यांच्या घरात अशी एक मंडळी होती. मोठी देवळं, वेदी, रांगा, झगे हे बरंच नंतरचं. आणि देवळं आल्यावरही दर काही पिढ्यांनी कोणी तरी घराकडे परत वळलेलं दिसतं. जर्मनीत फ्रांकफुर्टला श्पेनर नावाच्या पाळकानं १६७० मध्ये स्वतःच्या घरी लोकांना जमवून शास्त्रवाचन आणि चर्चा सुरू केली. इंग्लंडमध्ये १६६४ चा कायदा होता : घरच्या माणसांखेरीज पाचापेक्षा जास्त लोक सरकारी चर्चच्या पद्धतीबाहेर उपासनेला जमले तर गुन्हा. स्कॉटलंडमध्ये तर १६७० च्या कायद्यानं उघड्या माळावर उपदेश करणाऱ्याला मृत्युदंड होता. लोक तरीही डोंगरात जमत. राखणीला माणसं उभी करत आणि दगडावर बसून उपदेश ऐकत.

हे स्कॉटलंडचं आम्ही उगाच सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात आलेले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी स्कॉटिश होते. सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट, कंपनी सरकारच्या ताब्यात १७५६ पासून. डोनाल्ड मिचेल नावाचे गृहस्थ १८२३ मध्ये तिथे आले. पेशवाई बुडून पाचच वर्षं झाली होती, पुण्याकडे मिशनरी पाठवायला सरकार बिचकत होतं, म्हणून बाणकोट. मिचेल त्याच वर्षी वारले. मागून इतर आले, पुढे हर्णैला ठाणं झालं. नंतर मुंबईत नाव काढलेले जॉन विल्सन मराठी शिकायला हर्णैलाच राहिले होते. गंमत अशी की ज्यांच्या पणजोबांनी माळावर बसून उपासना केली, त्यांनी इथे येताना बरोबर आणली ती मात्र पूर्ण शिस्तबद्ध, भिंतींच्या आतली उपासना. आधी गीत, मग प्रार्थना, मग शास्त्रवाचन, मग उपदेश, आशीर्वाद, आणि घरी. बंड करणाऱ्यांचे नातू पुष्कळदा असेच शिस्तीचे निघतात.

आता आत येण्याचा प्रश्न. चर्चमध्ये पाहुणा म्हणून मागे बसायला कोणी ना म्हणत नव्हतं. पण मंडळीचा माणूस व्हायचं तर बाप्तिस्मा हवा, आणि तेव्हाच्या महाराष्ट्रात बाप्तिस्मा म्हणजे केवळ डोक्यावर पाणी नव्हे. घर, जात, बायको, विहीर, वाटणी, सगळं एका दिवसात जाणार.

१८४३ चं श्रीपत शेषाद्रीचं प्रकरण आठवा. मोठा भाऊ नारायण शेषाद्री मुंबईत ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत, अजून पोरगाच, तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. बाप कोर्टात गेला, कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. म्हणजे श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तो फक्त तिथे राहिला, जेवला. तरीही प्रश्न उभा राहिला की आता हा ब्राह्मण उरला का? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून जे उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर. पोंभुर्ल्याचे, म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. त्याबद्दल जांभेकरांना सनातन्यांचा बहिष्कार सोसावा लागला. म्हणजे नुसत्या उंबरठ्यावर घुटमळून आलेल्या पोराची ही कथा. जो उंबरठा ओलांडून गेला त्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. १८५० मध्ये कायदा आला की धर्म बदलल्यानं वारसाहक्क जाणार नाही. कागदावर मालमत्ता वाचली. पंगत आणि पाणवठा कायद्यानं थोडेच वाचतात!

अशा परिस्थितीत एक वर्ग तयार झाला, ज्याची नोंद कुठेच नाही. ज्यांना येशूची गोष्ट पटली होती, डोंगरावरचं प्रवचन ज्यांनी मनाशी धरलं होतं, पण जे बाप्तिस्मा घेणार नव्हते. काहींना भीती होती, काहींना घरच्यांची दया होती, काहींना मिशनचा साहेबी थाट आवडत नव्हता. मिशनच्या अहवालात माणसाचे दोनच प्रकार : झालेले आणि न झालेले. यांना खाना नाही.

इथे आम्हाला थोडं मागे जायला हवं, कारण ख्रिस्ताची कथा मराठीत, मराठी पद्धतीनं ऐकवण्याचा एक जुना मार्ग आधीपासून होता. गोव्यात १५७९ मध्ये आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स, त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. जवळपास अकरा हजार ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण अशी की त्यांची पुराणं सुटली होती आणि त्या जागी ऐकायला काही नव्हतं. लॅटिन मिस्सा चालू असताना माणूस गुडघे टेकून बसतो, कळत काही नाही. पुराण कळतं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजवटीनं स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम काढला. छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. पुस्तक उरलं ते लोकांनी हातानं उतरवलेल्या पोथ्यांतून. १९०७ मध्ये सल्डाना यांनी मंगळूरला ते पुन्हा छापलं, तेही अशा हस्तलिखितांवरूनच. तीनशे वर्षं कोणी तरी बसून अकरा हजार ओव्या लिहून काढत होतं, याचा अर्थ कोणी तरी बसून त्या ऐकतही होतं.

प्रोटेस्टंटांकडे हे काम देशावर झालं, अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशनचं ते मोठं ठाणं. सुरुवातीची मराठी गीतं म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेले मराठी शब्द. इंग्रजी गीत आघातावर चालतं, मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब असतो. चालीसाठी ऱ्हस्व अक्षर ओढायचं आणि दीर्घ गिळायचं, असं होई. शिवाय ती गीतं पुस्तकात बघून म्हणायची. वाचता येत नाही त्यानं काय करायचं? अभंगाचं तसं नाही. सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक, ध्रुपद फिरून फिरून येतं. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नाही तिलाही दुसऱ्या फेरीला म्हणता येतं. हा फरक केवळ संगीताचा नव्हता. उपासनेत कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो, याचा होता.

नगरच्या मिशनमधले कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तीच रचना, उभा कीर्तनकार, साथीला टाळ आणि वाद्यं, आधी विषयाचं निरूपण आणि मग आख्यान. आख्यान बायबलातलं. उधळ्या पुत्राची गोष्ट घेतली तर विचार करा, कीर्तनाला याहून सोयीची गोष्ट सापडायची नाही : वाटणी मागणारा धाकटा, डुकरं राखायची वेळ, आणि वाटेवर डोळे लावून बसलेला म्हातारा. चर्चमध्ये बाकांवर कीर्तन रंगत नाही, त्याला जमिनीवरची बैठक लागते. त्यामुळे ते झालं बहुतेक अंगणात, मांडवात, वडाखाली. ऐकायला गावचे लोक येत, ख्रिस्ती आणि बिनख्रिस्ती. कीर्तन असल्यावर कोणाला आमंत्रण लागतं? ही हवा पुढे आणखी पसरली. कोकणातल्या बेने इस्राएल समाजानं १८८० च्या सुमारास मुंबईत आपलं ज्यू कीर्तन सुरू केलं, मोशे आणि योसेफ मराठी आख्यानात आणले.

एक बाजूचा धागा इथे थोडक्यात. १९०५ च्या जूनमध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनासभांत काही विलक्षण घडलं. शेकडो मुली एकदम, मोठ्यानं, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. रडत होत्या, तासन् तास उठत नव्हत्या. बाहेरच्या पुष्कळांना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. लहानपणापासून देवळादेवळांतून पुराण सांगत भटकलेल्या घरातली ती बाई. भाविक बायकांच्या आवाजाची तिला धास्ती वाटण्याचं कारण नव्हतं. पण रमाबाईंचं प्रकरण स्वतंत्र व्याख्यानाचं आहे, इथे सोडू.

आता टिळक.

नाशिकला संस्कृत शिकलेले, कवी, वादविवादात तरबेज, आणि स्वभावानं अस्वस्थ. १८८० मध्ये लग्न झालं. बायको लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रे’मुळे आज नवऱ्यापेक्षा जास्त वाचल्या जातात, आणि ते योग्यच आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थानं टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, तिथून सुरुवात. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी सांगितलं नव्हतं.

त्यानंतरची साधारण पाच वर्षं नवरा-बायको वेगळी. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरातही राहिल्या. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपलं सोवळं घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. आम्हाला हा काळ फार महत्त्वाचा वाटतो. कारण टिळकांचा पुढचा दरबार कसा असेल याचा नमुना त्यांच्याच घरात होता. एक बाप्तिस्मा घेतलेला, एक न घेतलेली, एका छपराखाली, आणि देवाबद्दल दिवसरात्र बोलणं चाललेलं. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचारानं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी घाई केली असती तर त्यांनी तो घेतला असता, असं त्यांचं पुस्तक वाचून तरी वाटत नाही. आधी त्यांच्या मनातली जात गेली, मग पाणी आलं. मिशनच्या नेमात क्रम उलटा असायचा.

टिळकांनी नगरला ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं, पाळकाची दीक्षा घेतली, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’चा मराठी विभाग सांभाळला. आणि गीतं लिहिली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात त्यांची गीतं शेकड्यांनी मोजावी लागतात. अभंग, ओवी, पदं, भजनं. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. हे कोणाला खूश करण्यासाठी म्हटलेलं वाक्य नव्हतं, कारण त्यानं दोन्हीकडचे लोक नाखूशच होत. वारकरी म्हणणार, पूल आमचा आणि गाव भलतंच. मिशनरी म्हणणार, पुलाची गरजच काय?

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती तोळामासा. स्वतःला संन्यासी म्हणवलं आणि साताऱ्याला राहायला गेले. मिशनशी भांडण म्हणून सोडलं असं समजू नका, माणसं मैत्रीतच राहिली. पण पगारी उपदेशकाच्या तोंडून आलेली गोष्ट लोक पगाराचीच समजतात, हे बावीस वर्षांत त्यांना पुरतं कळलं होतं. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांचं बंधुमंडळ, ही त्याची व्याख्या. अहवालात ज्यांना खाना नव्हता, त्यांच्यासाठी पहिल्यांदा कोणी तरी खाना आखला.

‘दरबार’ हा शब्द कसा निवडला असेल पाहा. चर्च नव्हे, समाज नव्हे, सभा नव्हे. समाज म्हटलं असतं तर प्रार्थना समाजाशी तुलना झाली असती, तो १८६७ पासून होताच, आणि तिथे रविवारच्या उपासनेला सभ्य, सुशिक्षित लोक जमत. दरबारात राजा बसलेला असतो आणि फिर्याद घेऊन कोणीही येऊ शकतो, निदान कल्पना तरी तशी. तिथे सभासद नसतात. राजासमोर उभं राहायला यादीत नाव लागत नाही.

पद्धत भजन-कीर्तनाची, बैठक आश्रमाची. ठरावीक क्रम नाही, परदेशी पैसा नाही, पगारी पाळक नाही. टिळकांच्या मनात याची मोठी स्वप्नं होती, सगळ्या देशभर पसरण्याची. प्रत्यक्षात हाती दोन वर्षंसुद्धा नव्हती. ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले, आणि दरबार त्यांच्या पश्चात टिकला नाही.

आता फसण्याचं कारण. सोपं उत्तर असं की माणूस गेला आणि काम थांबलं. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. आमच्या मते त्यात आणखी एक गाठ होती, आणि ती टिळकांनाही सुटली नसावी.

सुरुवातीला आम्ही म्हणालो की कीर्तनाच्या मंडळीत कोणीही येऊन बसतो. ते अर्धंच खरं होतं. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेर आहे. ज्याच्या अभंगांवर कीर्तनं रंगली तो आत येऊ शकत नव्हता, आणि त्याच्या जातीच्या माणसांना विठ्ठलमंदिर उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. गुरुजी आपल्या पालगडचे.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले होते. त्यांच्या बाजूनं चर्चच्या बाकाकडे बघा. टिळकांसारख्या ब्राह्मणाला बाक परका वाटतो, साहेबी वाटतो, त्याला सतरंजी हवी असते. पण ज्याला गावच्या सतरंजीच्या कडेला, चार हात दूर, मातीत बसवलं जायचं, त्याला तो बाक काय वाटत असेल? सगळे एका उंचीवर. सुटा केलेला लाकडी न्यायच म्हणा. वहीत नाव, नावापुढे जात नाही. ‘बाप्तिस्म्याशिवाय ख्रिस्तशिष्य’ ही सोय मुख्यतः त्याला हवी, ज्याला बाप्तिस्म्यानं काही गमवायचं आहे. वतन, जात, अब्रू. ज्याच्याकडे गमवायला फारसं नव्हतं त्यानं उघडपणे बाप्तिस्मा घेतला, त्यासाठी गावात मार खाल्ला, काम गमावलं, आणि आता त्याला सांगायचं की अरे, न घेताही चाललं असतं! त्याला हे आपल्या धैर्याचा अपमान वाटला तर नवल नाही.

याचा अर्थ टिळक चुकले असा नाही. जातीविरुद्ध लिहिताना त्यांनी कधी हात आखडला नाही. पण अनौपचारिक बैठक आपोआप सर्वांची होते, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. नियम नसतात तिथे जुनी सवय राज्य करते. कोण मध्ये बसतो, कोण टाळ धरतो, पाण्याचा तांब्या कोणाकडून कोणाकडे जातो. चर्चच्या कोरड्या नियमानं निदान या गोष्टी बांधून टाकल्या होत्या.

रत्नागिरीकरांना हे दुसऱ्या एका इमारतीवरून पटेल. पतितपावन मंदिर. सावरकर इथे स्थानबद्ध असताना, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ मध्ये उभं राहिलं. तिथे सर्व जातींना प्रवेश आणि सहभोजनं. प्रेरणा टिळकांहून अगदी वेगळी, ख्रिस्ती धर्मांतराच्या विरोधातलीच म्हणा. तरी अडचण तीच दिसते : देवापुढे एकत्र बसायचं तर जुन्या जागेत बसता येत नाही, नवी जागा बांधावी लागते, आणि नव्या जागेला नेम लागतात.

मग दरबारातलं उरलं काय? एक तर जॅक विन्स्लो. इंग्लिश पाळक, टिळकांना मानणारे, १९२३ मध्ये त्यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याआधीच्या वर्षी, १९२२ मध्ये, त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, तो पुढे पुण्यात स्थिरावला. खादी, जमिनीवरची बैठक, शाकाहार, भजन. व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात आले ते १९२७ मध्ये या संघातच. पण संघानं उपासनेची पद्धत घेतली, बाप्तिस्मा न घेतलेल्यांना बरोबरीची जागा देण्याचा प्रश्न नाही.

दुसरं म्हणजे गाणं. ज्या चर्चबाहेर पडून टिळकांनी सतरंजी अंथरली, त्या चर्चनं त्यांची सतरंजी घेतली नाही, गाणी मात्र घेतली. आज रविवारी कोणत्याही मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये जा. ठरलेला क्रम, लाकडी बाक, आणि त्या क्रमाच्या मधोमध अभंग, हार्मोनियम-तबल्यावर, टाळ्यांसह. बाहेरचा माणूस डोळे मिटून ऐकेल तर त्याला वाटेल भजनच चालू आहे. आणि मधल्या वारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमायची रीतही आहे. खुर्च्या भिंतीला सरकवून चटया टाकायच्या, शेजारची हिंदू बाई येऊन दारात बसते, कोणी आजारी असेल तर नाव घेऊन प्रार्थना होते, मग चहा. तिला कोणी विचारत नाही की तू मंडळीची का. महिन्यांमागून महिने ती येत राहते. तिचा खाना अजूनही कुठल्या वहीत नाही.

इथे थांबणार होतो, पण एक प्रश्न आला आहे, मागच्या रांगेतून. काकू विचारतात : “टिळक गेल्यावर लक्ष्मीबाईंनी दरबार का नाही चालवला?”

चांगला प्रश्न आहे, काकू. त्या काही संन्यास घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. संसार, मुलं, पैशाची ओढाताण, हे त्यांनी टिळकांच्या हयातीतही एकटीनंच निभावलं होतं. देशभर पसरणारं बंधुमंडळ वगैरे त्यांच्या बोलण्याची तऱ्हा नव्हे. पण टिळक एक काम अर्धवट टाकून गेले होते, ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य, ख्रिस्ताचं चरित्र. त्याचे सुरुवातीचे थोडे अध्याय त्यांनी लिहिले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय स्वतः रचले. पुराण हे एकट्यानं वाचायचं पुस्तक नसतं, ते चार माणसांत बसून ऐकायचं असतं. आणि ऐकायला येणाऱ्याला बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागत नाही.